स्कूटरवरून गिअरच्या गाडीवर: नेरूळमधलं क्लचचं एक प्रकरण

आधी माहिती देतो, मग बाकीचं. रायडर म्हणजे माझी भाची, ताईची मुलगी, वय 24, हात लहान, कॉलेजपासून अ‍ॅक्टिव्हा चालवतेय आणि एकदम व्यवस्थित चालवते, नेरूळहून महापेला ऑफिसला रोज स्कूटरनेच जाते. गाडी दाजींची, 150 सीसीची साधी कम्युटर, बीएस-4 (जुन्या प्रदूषण नियमांची), कार्बोरेटरवाली, 5 गिअर, क्लच केबलचा. दाजींना कंपनीची बस सुरू झाल्यापासून गाडी बिल्डिंगखाली उभीच होती, अख्खा पावसाळा. तिने ठरवलं की आता गिअरची शिकायचीच, गिअरवालीचं लर्निंगही काढलं (लायसन्स विनागिअरचं असेल तर गिअरच्या गाडीला ते चालत नाही, तो प्रकार वेगळा जोडून घ्यावा लागतो, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं) आणि महिनाभर झटून शेवटी रडकुंडीला येऊन मला फोन केला, "मामा, मला क्लच कळतच नाहीये."

तिच्या तक्रारी तिच्याच शब्दांत लिहितो. सिग्नलला गाडी बंद पडते. बंद नाही पडली तर हिसका मारून पुढे उडी घेते. क्लच रोज वेगळा लागतो, काल जमलं ते आज जमत नाही. डाव्या हाताची बोटं दुखतात. आणि एक तक्रार तिने अशीच जाता जाता सांगितली, की कधी कधी ब्रेकच लागत नाही. ही शेवटचीच खरी महत्त्वाची निघाली, तिच्याकडे नंतर येतो.

घरात निकाल लागून गेला होता. दाजी म्हणाले, "गाडी ठणठणीत आहे हो, मी इतकी वर्षं चालवली, तिचा हातच बसत नाही." शेजारच्या मुलांनी सांगितलं रेस जास्त दे. ऑफिसातल्या कोणीतरी सांगितलं हाफ क्लचवरच, म्हणजे लिव्हर अर्धी दाबून, ठेवत जा ट्रॅफिकमध्ये. आणि सगळ्यांचं मिळून एक, सवय होईल. मला या तिन्ही सल्ल्यांची मनापासून चीड आहे. रेस जास्त दिली तर गाडी बंद पडत नाही हे खरं पण क्लच सुटताना जो हिसका बसतो तो दुप्पट बसतो, आणि शिकणाऱ्या माणसाला त्या हिसक्याचीच तर भीती वाटत असते. सारखं हाफ क्लचवर ठेवलं की प्लेटा घासत राहतात, तापतात, आणि त्याहून वाईट म्हणजे क्लच नक्की कुठे पकडतो हे हाताला कधीच कळत नाही कारण हात कायम त्या मधल्या धुक्यातच असतो. आणि सवय. सवय चुकीचीही होते ना, तिला तेव्हा तीच लागत होती.

आता क्लच आत काय करतो ते थोडक्यात, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. इंजिनाच्या उजव्या कव्हरच्या आत बिस्किटाच्या पुड्यात बिस्किटं असतात तशा चकत्या, म्हणजेच प्लेटा, रचलेल्या असतात, एक घर्षणाची एक स्टीलची, परत एक घर्षणाची एक स्टीलची. घर्षणाच्या इंजिनाबरोबर फिरतात, स्टीलच्या गिअरबॉक्सबरोबर. वरून प्रेशर प्लेट आणि स्प्रिंगा त्यांना दाबून धरतात म्हणून सगळं एकत्र फिरतं. आपण लिव्हर दाबली की केबल ओढली जाते, प्रेशर प्लेट उचलली जाते, चकत्या सुट्या होतात. लिव्हर सोडताना चकत्या आधी घसरत घसरत लागतात आणि मग पक्क्या पकडतात. हे घसरणं बिघाड नाही, त्यासाठीच तो बनवलाय, आणि हे सगळं इंजिन ऑइलमध्ये बुडालेलं असतं म्हणून थोडा वेळ घसरणं त्याला झेपतं. लिव्हरच्या पूर्ण प्रवासात हा घसरून पकडण्याचा टप्पा जेमतेम बोटाच्या जाडीएवढा असतो. क्लच कळतो म्हणजे काय तर हा टप्पा नेमका कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे हाताला माहीत असणं, बाकी काही नाही.

म्हणजे दोन गोष्टी लागतात. एक, तो टप्पा रोज एकाच जागी असला पाहिजे आणि बोटांच्या ताब्यातल्या जागी असला पाहिजे, हे गाडीचं काम. दोन, हाताने त्या टप्प्यात थांबायला शिकलं पाहिजे, हे रायडरचं. माझं ठाम म्हणणं आहे की पहिलं तपासल्याशिवाय दुसऱ्याबद्दल एक अक्षर बोलू नये. नवीन माणूस गाडीला दोष देऊच शकत नाही, त्याच्याकडे तुलनेला दुसरी गाडी नसते, तो स्वतःलाच दोष देतो आणि आजूबाजूचे सगळे माना डोलावतात.

तर रविवारी सकाळी नेरूळला गेलो, ती हेल्मेट घालून तयारच उभी होती, म्हटलं आधी हेल्मेट ठेव, आज चालवायची नाहीये. गाडी बंदच ठेवून क्लचची लिव्हर बोटाने हळूच दाबून बघितली. नॉर्मली सुरुवातीला लिव्हर थोडी मोकळी हलते, ताण येत नाही, त्याला प्ले म्हणतात, मेकॅनिकही तोच शब्द वापरतात. आपल्याकडच्या बऱ्याच कम्युटर गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये लिव्हरच्या टोकाला 10 ते 20 मिलिमीटर प्ले सांगितलेला असतो, काही कंपन्या तोच लिव्हरच्या मुळाशी 2-3 मिलिमीटर असा मोजतात. इथे शून्य. हात लावला की लगेच ताण. मग हँडलवरचा, केबलचा ताण कमी-जास्त करणारा अ‍ॅडजस्टर बघितला, त्याच्या आट्या जवळजवळ सगळ्या बाहेर आलेल्या, म्हणजे तिथलं अ‍ॅडजस्टमेंट संपलेलं, आणि खाली इंजिनजवळचा नटही नुकताच कोणीतरी पाना लावून फिरवलाय हे त्याच्या चकाकत्या कोपऱ्यांवरून दिसत होतं.

तिला विचारलं. म्हणाली हो, शिकायला सुरुवात केली तेव्हा पहिला गिअर टाकताना खट्ट असा जोरात आवाज यायचा म्हणून गल्लीतल्या गॅरेजमध्ये दाखवली, त्यांनी पाच मिनिटांत क्लच टाइट करून दिला, आवाज कमी झाला, पैसेही घेतले नाहीत. त्या माणसाचा हेतू वाईट नव्हता, जुनी केबल ताणली जाऊन प्ले वाढला असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर खडखडत पडतो, तेव्हा टाइट करणं हाच इलाज असतो. पण पावसाळाभर उभ्या गाडीत तोच आवाज चकत्या ऑइलमुळे एकमेकींना चिकटून बसल्यानेही येतो. त्याला साधा उपाय आहे, गाडी सुरू करायच्या आधी गिअरमध्ये टाकून क्लच दाबून धरायचा आणि गाडी पुढेमागे हलवायची, चकत्या सुटतात. ते न करता केबल खेचली गेली.

आता प्ले शून्य झाला की काय होतं बघा. लिव्हर पूर्ण सोडलेली असतानाही केबल प्रेशर प्लेटला किंचित उचलून धरते, त्यामुळे पकड पूर्ण बसत नाही, चढावर किंवा एकदम रेस दिल्यावर इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी तेवढी ओढत नाही. हे तर झालंच. पण शिकणाऱ्यासाठी याहून मोठा घात म्हणजे पकडीचा टप्पा लिव्हरच्या प्रवासाच्या अगदी शेवटी, बाहेरच्या टोकाला जातो. आणि हिचा हात लहान. मी तिला तसंच बसवलं आणि लिव्हर हळूहळू सोडायला सांगून नुसतं बोटांकडे बघत राहिलो. अर्ध्या प्रवासापर्यंत लिव्हर बोटांच्या मधल्या पेरात, छान ताब्यात. मग ती बाहेर बाहेर सरकते तसं लिव्हर पहिल्या पेरावर, मग नुसत्या टोकांवर, आणि शेवटचा जो बोटभर प्रवास उरतो त्यात तिची करंगळी आणि अनामिका सुटलेलीच असतात, दोन बोटांच्या टोकांवर सगळा स्प्रिंगचा जोर, आणि तो जोर पेलेना म्हणून लिव्हर निसटते. टक्. दहा वेळा करायला लावलं तर दहाही वेळा तिथेच निसटली. म्हणजे जिथे सगळ्यात जास्त ताबा हवा तिथे तिच्याकडे सगळ्यात कमी ताबा होता. दाजींचा पंजा मोठा, त्यांच्या बोटांना ते टोक सहज पोचतं, म्हणून त्यांना गाडी ठणठणीत वाटणारच, त्यात त्यांचं खोटं काहीच नाही.

रोज वेगळा लागतो हे कोडं केबलने सोडवलं. लिव्हरजवळचं रबर मागे सरकवलं तर आतल्या तारेचे काही धागे तुटून पिंजारलेले, बोटाला टोचतील असे, आणि चिमूटभर तपकिरी भुगा. खाडीकाठची हवा आणि पावसाळा, वर ऑइलचा थेंब कधी नाही. तुटलेले धागे बाहेरच्या नळीत अडकतात मग सुटतात, त्यामुळे लिव्हर सरळ रेषेत येत नाही, थांबते आणि मग एकदम उडी मारते. कधी अडकते कधी नाही, दमट हवेत वेगळी, गाडी तापल्यावर वेगळी. अशा केबलवर कोणालाही क्लच कळणार नाही, वीस वर्षं चालवणाऱ्याला सुद्धा, फक्त तो दोन मिनिटांत सांगेल की केबल गेलीय. शिवाय अशी केबल एक दिवस मधेच तुटते आणि ती पहिल्या गिअरमध्ये सिग्नलला उभं असताना तुटली तर गाडी सरळ पुढच्या गाडीत जाते, त्यामुळे पिंजारलेली केबल दिसली की त्याच दिवशी बदलावी, पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत ठेवू नये.

ऑइलही बघितलं, कारण घरात स्कूटर आहे. हा मुद्दा जरा लक्ष देऊन वाचा. गिअरच्या गाडीचा क्लच इंजिन ऑइलमध्येच असतो म्हणून तिला जासो (जपानी ऑइल मानक) एमए किंवा एमए-2 लिहिलेलं ऑइल लागतं. स्कूटरच्या ऑइलवर बऱ्याचदा जासो एमबी असतं, ते जास्त बुळबुळीत, स्कूटरचा क्लच कोरडा आणि वेगळ्या जागी असल्याने तिला ते चालतं. एकाच घरात दोन्ही गाड्या असल्या की उरलेला अर्धा डबा बाइकमध्ये ओतायचा मोह होतो आणि मग क्लच घसरायला लागतो. दाजींच्या कपाटात एमबीचा अर्धा डबा होताच, पण गाडीत त्यांनी एमएचंच टाकलं होतं आणि बिलही जपून ठेवलं होतं, त्यामुळे ती शंका मिटली.

त्याच दिवशी जुईनगरला ओळखीच्या मेकॅनिकदादांकडे नवी केबल टाकली, अगदी किरकोळ खर्च. वरचा अ‍ॅडजस्टर पूर्ण आत घेऊन खालून प्ले सेट केला, हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून प्ले बदलत नाही ना ते बघितलं (बदलला तर केबल कुठेतरी ओढली जातेय किंवा मोबाइल होल्डरच्या पट्टीत आवळली गेलीय असं समजायचं), आणि लिव्हरचा क्लॅम्प ढिला करून लिव्हर थोडी खाली वळवली, तिच्या मनगटाच्या सरळ रेषेत. आधी ती एवढी वर होती की लिव्हर धरायला मनगट मागे मोडावं लागत होतं, बोटं दुखायचं अर्धं कारण तेच. नंतर तिने लिव्हर दाबली आणि तिचा चेहराच बदलला. "ही हीच गाडी आहे?" पकड आता प्रवासाच्या मध्याच्या जरा पुढे, बोटं अजून नीट वळलेली असतानाच येत होती.

इथे बरेच जण थांबले असते, गाडीत दोष होता, काढला, झालं. पण पुढच्या रविवारी खारघरला सेंट्रल पार्कच्या बाजूच्या रुंद रिकाम्या रस्त्यावर घेऊन गेलो तरी गाडी बंद पडतच होती. कमी, पण पडत होती. आणि आता केबलचं कारण नव्हतं.

मग मी तिला म्हटलं ते ब्रेक न लागल्याचं सांग जरा. तिने सांगितलं की सानपाड्याला एका सिग्नलजवळ पुढची रिक्षा अचानक थांबली, हिने घाबरून ब्रेक दाबला, पूर्ण ताकदीने, आणि गाडी थांबायच्या ऐवजी उलट मोकळी होऊन पुढे गेली, शेवटी पाय घासत कशीबशी थांबली. कोणता ब्रेक दाबला विचारलं तर तिने हवेत डाव्या हाताची मूठ आवळून दाखवली.

डावा हात. अ‍ॅक्टिव्हाला डाव्या हाताला ब्रेक असतो, आणि नुसता मागचा नाही, कॉम्बी ब्रेक असल्याने डावी लिव्हर दाबली की मागचा आणि थोडा पुढचा दोन्ही लागतात (125 सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना एप्रिल 2019 पासून हा कॉम्बी ब्रेक म्हणजे सीबीएस किंवा चाक जाम होऊ न देणारं एबीएस सक्तीचं झालं). म्हणजे इतकी वर्षं तिचा मुख्य ब्रेक डावा हातच होता. घाबरली की डावी मूठ आवळायची, हे तिच्या मेंदूत नाही, हातात बसलेलं. बाइकवर तीच मूठ आवळली की क्लच दाबला जातो, इंजिन चाकापासून सुटतं, जो काही इंजिनाचा रोध असतो तोही जातो आणि गाडी मोकळी धावते. ब्रेक लागत नाही असं वाटणारच.

आणि मला वाटतं याच सवयीचा दुसरा भाग म्हणजे तिचं गाडी बंद पाडणं. स्कूटरची डावी लिव्हर आपण कशी सोडतो? एकदम. सिग्नल हिरवा झाला, ब्रेक सोडला, रेस दिली, निघालो. ब्रेक हळू सोडायचं काही कारणच नसतं, तो जितका लवकर सुटेल तितकं बरं. स्कूटरवर क्लच आपोआप लागतो, इंजिनाचा वेग वाढला की आतली वजनं बाहेर फेकली जाऊन ड्रमला पकडतात, म्हणजे तिथे क्लचचं काम खरंतर उजव्या हाताची रेस करते. हाताला शिकवण काय मिळाली, डावा पटकन सोड, उजवा फिरव की गाडी जाते. आता हाच हात बाइकवर बसवला तर डावा पटकन सुटतो, आणि उजवा घाबरून फिरतच नाही कारण त्याला माहीत आहे की फिरवलं की गाडी जाते. कमी रेस आणि झटकन सुटलेला क्लच, गाडी बंद पडायला अजून काय लागतं.

हे लक्षात आलं आणि मला या प्रकरणातलं सगळ्यात मोठं काही हाती लागल्यासारखं वाटलं. आपण तिला नवीन रायडर म्हणत होतो पण तिचा हात नवीन नव्हताच. तो पूर्ण शिकलेला हात होता, दुसऱ्या मशीनवर. ज्याने आयुष्यात काहीच चालवलं नाही त्याला क्लच शिकवणं कदाचित सोपं, कारण त्याच्या डाव्या हाताला आधी काही शिकवलेलं नसतं. आज ठाण्यात नवी मुंबईत निम्मी मुलं-मुली स्कूटरवर शिकून मग बाइककडे येतायत असं मला तरी आसपास दिसतं, आणि त्यांना शिकवणारे आपण त्यांना कोरी पाटी समजून शिकवतो.

त्यामुळे शिकवण्याचा क्रम बदलला. पहिली अट, थोडे दिवस अ‍ॅक्टिव्हा बंद, ऑफिसला बसने जा. ती नाराज झाली, पण सकाळी स्कूटर आणि संध्याकाळी बाइक असं केलं तर हात दोन्हीकडून गोंधळतो हे माझं स्पष्ट मत आहे, एकदा बाइक बसली की मग दोन्ही चालवा, काही होत नाही.

आधी ब्रेक, क्लच नंतर. साधारण वीसच्या स्पीडने यायचं आणि डाव्या लिव्हरला हातच न लावता थांबायला सुरुवात करायची, उजवा पाय आणि उजवा हात, आणि गाडी बंद पडायच्या बेताला अगदी शेवटी क्लच. डावी बोटं हँडलच्या ग्रिपला घट्ट धरून ठेवायला लावली, लिव्हरवर ठेवायचीच नाहीत. सुरुवातीला ती प्रत्येक वेळी आधी डावी आवळायची, मग तिचं तिलाच कळायला लागलं, "आवळली परत" असं स्वतःच ओरडायची. हे मी सगळ्यांना सांगेन, क्लच नीट यायच्या आधी ब्रेक उजव्या बाजूला गेला पाहिजे, गाडी बंद पडल्याने कोणी मरत नाही.

मग क्लच, रेसशिवाय. इंजिन गरम करून चोक बंद, आयडल (रेस न देता इंजिन फिरतं तो वेग) मिनिटाला चौदाशे फेऱ्यांच्या आसपास, सपाट रस्ता, दोन्ही पाय खाली, पहिला गिअर. उजवा हात मांडीवर ठेवायचा, म्हणजे रेसचा प्रश्नच नाही. लिव्हर सोडत यायची आणि कान इंजिनाकडे. एका जागी आवाज दबतो, किंचित खाली जातो, चेन ताणली जाऊन खालून हलकासा टक् येतो आणि गाडी पुढे ओढ घेते. तिथे थांब. सोडू नकोस, दाबू पण नकोस, थांब. हे थांब शिकवायलाच सगळा वेळ गेला. तिचा हात आवाज दबल्या दबल्या उरलेली लिव्हर सोडून देत होता, कारण त्याच्या मते काम झालं. तिला सांगितलं की पकड लागली म्हणजे काम झालं नाही, काम सुरू झालं. गाडी चालत्या माणसाच्या वेगाला येईपर्यंत हात तिथेच राहतो आणि मग उरलेलं सोडतो. वीतभर पुढे जायचं, क्लच दाबायचा, पायाने मागे ढकलायची, परत वीतभर. बघणाऱ्याला कंटाळवाणं वाटेल पण तिच्यासाठी हाच धडा होता, आणि रेस न देता सपाटीवर गाडी निघू शकते हे बघून तिची अर्धी भीती तिथेच गेली, कारण तिला कळलं की उडी मुळात रेसमुळे नाही, सोडण्याच्या वेगामुळे येते.

रेस नंतर जोडली, अगदी थोडी आणि स्थिर. रेस आधी, मग क्लच, आणि क्लच सोडताना रेस हलवायची नाही. दोन्ही हात एकाच वेळी हलायला लागले की शिकणाऱ्याला कळत नाही की कोणत्या हाताने काय झालं.

महापेच्या रस्त्यावर एक अडचण आली जी खारघरला आली नव्हती. ट्रक, बस, हॉर्न, यात आपल्या इंजिनाचा आवाज ऐकूच येत नाही. तिने कानावर सगळी भिस्त ठेवली होती आणि तिथे कानच बंद. मग परत रिकाम्या रस्त्यावर जाऊन कानात कापूस घालून तेच वीतभर करायला लावलं, आता फक्त सीट, फुटरेस्ट आणि हँडलमधून काय कळतं ते. पकडीच्या जागी फुटरेस्टची थरथर जाडसर होते, संथ होते, असं तिने मला सांगितलं, हे वर्णन माझं नाही तिचं आहे आणि मला ते फार नेमकं वाटलं. (कापूस फक्त बंद रिकाम्या जागी आणि बाजूला कोणीतरी उभं असताना, रस्त्यावर कधीच नाही.)

ट्रॅफिकबद्दल एवढंच की पुढची गाडी हातभर सरकली की आपण हातभर सरकायचं नाही. जागा होऊ द्यायची, मग एकदाच निघून क्लच पूर्ण सोडायचा, मग थांबायचं. मोठा सिग्नल असेल तर मागे एखादी गाडी येऊन थांबेपर्यंत पहिल्या गिअरमध्ये राहायचं, मग न्यूट्रल. खूप वेळ घासत चालवलं की क्लच तापतो, न्यूट्रल सापडेनासा होतो आणि पकड जरा सरकल्यासारखी वाटते, तेव्हा गाडी बिघडली असं समजून लगेच केबल टाइट करून घेऊ नका, थंड झाल्यावर परत बघा.

चढ सगळ्यात शेवटी ठेवला. बेलापूरला पारसिक हिलवर जाणारा रस्ता चांगला उभा आहे आणि सकाळी वर्दळ कमी असते. इथे उजवा पाय मागच्या ब्रेकवर, डावा पाय जमिनीवर, रेस स्थिर, क्लच पकडीपर्यंत आणायचा, आवाज दबला आणि गाडी ब्रेकविरुद्ध ओढायला लागली की मग पाय उचलायचा. पाय आधी उचलला की गाडी मागे जाते आणि माणूस घाबरून क्लच सोडून देतो. तिला वाटलं होतं चढ सगळ्यात अवघड जाईल, पण तो सपाटीपेक्षा लवकर जमला, कारण चढावर पकड लपत नाही, ब्रेकविरुद्ध ओढ स्पष्ट जाणवते. खरंतर एखाद्याला सपाटीवर पकड सापडतच नसेल तर हलक्या चढावर नेऊन दाखवावी असं मला आता वाटतं. वर पोचताना आणखी एक तपासून घेतलं, चौथ्या गिअरमध्ये रेस वाढवली तर आवाजाबरोबर गाडीही ओढत होती, म्हणजे प्लेटा जळलेल्या नव्हत्या, प्ले वेळेत दुरुस्त झाला म्हणून वाचल्या.

दाजींना मी खाली बोलावून जुनी केबल हातात दिली. त्यांनी पिंजारलेलं टोक बघितलं, स्वतःच्या बोटाने दाबून बघितलं, आणि तिला म्हणाले, "बाळा, मला वाटलं तूच." एवढंच बोलले, पण ते तिच्यासमोर बोलले हे मला फार बरं वाटलं, कारण महिनाभर त्या मुलीने हे सगळं स्वतःच्या माथ्यावर घेतलं होतं.

काही आठवड्यांनी तिचा ऑफिसमधून फोन. "मामा, क्लच आज जरा आत पकडतोय आणि गिअर टाकताना परत आवाज येतोय, टाइट करून घेऊ का?" मी म्हटलं आधी प्ले बघ. तिने पार्किंगमध्ये पट्टी लावून मोजलं, 25 मिलिमीटरच्या आसपास. नवी केबल सुरुवातीला थोडी बसते, ताणते, त्यामुळे प्ले वाढतो, उलट प्लेटा झिजल्या तर प्ले कमी होतो, म्हणून तो कोणत्या दिशेला बदललाय यावरून कारण कळतं. फोनवरच सांगितलं, वरचा लॉकनट ढिला कर, अ‍ॅडजस्टर थोडा थोडा बाहेर घे, 15 वर आण, लॉकनट परत आवळ, रबर खाली ओढ, हँडल दोन्हीकडे वळवून बघ. तिने स्वतः केलं.

अजून काय राहिलंय तेही लिहितो. अरुंद जागेत यू-टर्न घेताना ती क्लच पूर्ण दाबून टाकते आणि गाडी कलते, तिथे पकडीवर ठेवून मागच्या ब्रेकने वेग धरायचा असतो, ते चालू आहे, आरटीओच्या परीक्षेतल्या आठच्या आकड्याला तेच लागणार आहे. थंड इंजिनावर सकाळी पहिल्यांदा निघताना अजून कधीतरी बंद पडते, त्यात चोकचाही भाग आहे. आणि मागे कोणाला बसवून अजून चालवलेली नाही, मागे वजन आलं की जास्त रेस लागते आणि हाताला पकडीत जास्त वेळ थांबावं लागतं, ते लायसन्स हातात आल्यावर आधी मी स्वतः मागे बसणार आहे, मग ताई.